रविवारचा फोन मध्येच का तुटतो?

रविवारी दुपारी वसतिगृहात घरच्यांशी व्हिडिओवर बोलायची वेळ असते, आणि दर वेळी तीच दोन वाक्ये कानावर येतात. मुले म्हणतात, "बाबांचं नेट गंडलंय." पालक म्हणतात, "शाळेनेच बंद केलं असणार." मी संगणक शिकवतो, आणि मला दोन्ही पटत नाहीत. बहुतेक वेळा नेट दोन्हीकडे चालू असते. अडते ते मधल्या वाटेवर.

आपण वापरतो ते ॲप शक्यतो दोन फोनना थेट जोडू पाहते. त्यासाठी एकाला दुसऱ्याचा पत्ता हवा. पण जुन्या आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटीच, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून घरचा राउटर एकच पत्ता साऱ्या घराला पुरवतो. मोबाईल कंपन्या तर एका पत्त्यावर अनेक ग्राहक बसवतात. याला नॅट म्हणतात. आतून गेलेल्या पॅकेटचे उत्तर आले तर राउटर ते आत सोडतो, अनोळखी पॅकेट दारातच टाकून देतो. आपल्या गेटवरचा पहारा असाच असतो: आतून बोलावणे नसेल तर प्रवेश नाही.

यावरची युक्ती मला फार आवडते. दोन्ही फोन स्टन नावाच्या सर्व्हरला विचारतात, "बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?" मग ते पत्ते एकमेकांना कळवून दोघेही एकाच वेळी पॅकेट सोडतात. दोन्ही पहारेकऱ्यांना वाटते, बोलावणे आतूनच गेले आहे! दोन घरांमध्ये हे पुष्कळदा जमते. पण संस्थांचे कडक नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट उघडते, त्यामुळे स्टनने सांगितलेला पत्ता फुकट जातो. त्यात फायरवॉलने यूडीपी अडवले की खेळ संपला. आपल्या शाळेत दोन्ही आहे.

उरतो टर्न, म्हणजे मधला रिले. दोघेही त्याच्याकडे जातात, तो इकडचे तिकडे पोचवतो. थोडा उशीर होतो, बँडविड्थही खर्च होते. पण दोन चौक्यांमध्ये डोंगर असेल तर सिग्नलवाले रिले ठेवतातच की. वेबआरटीसीच्या दोघांतल्या कॉलमध्ये कुलूप दोन टोकांनाच उघडते, त्यामुळे बोलणे रिलेला ऐकू येत नाही.

माझे म्हणणे एवढेच: फायरवॉल ढिली करू नये, सैनिकी शाळेत ती कडकच हवी. पण ठरलेल्या तासापुरता, एकाच टर्न सर्व्हरकडे, ४४३ पोर्टवरून रस्ता द्यावा. "मुले गैरफायदा घेतील," असे माझे एक सहकारी म्हणतात. मुले आताच फुकटची व्हीपीएन ॲप शोधताहेत, सर! त्यातून फोनची सगळी वाहतूक कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवरून जाते. तटबंदीला हे भोक जास्त मोठे आहे.

आयपीव्ही६ आले की प्रश्न मिटेल, असेही ऐकतो. पत्त्यांची टंचाई मिटेल, फायरवॉल तिथेच राहील.

पालकांना एक विनंती. पुढचे चार रविवार कॉल कधी तुटला, घरी ब्रॉडबँड होते की मोबाईल डेटा, आणि दुसऱ्या नेटवरून तो लागला का, हे लिहून वर्गशिक्षकांकडे पाठवा. ती यादी घेऊन मी प्राचार्यांकडे जाणार आहे.