पाठवला म्हणजे पोचला नव्हे

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीसारख्या गावातले प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा सेवा केंद्रात भरले जातात. भरणारा घाईत असतो. ईमेलच्या पत्त्यातला एखादा आकडा चुकतो. पुढे कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ईमेल पाठविण्यात आला’ अशी नोंद उमटते. मुदत टळून गेल्यावर विचारायला गेलेल्या विद्यार्थ्यासमोर हीच नोंद धरली जाते आणि विषय संपतो.

वास्तविक तो ईमेल बहुधा परत आलेला असतो, तोही कारणासह. न पोचलेले पत्र पाठवणाऱ्याला कळवावे, हे 1982 च्या ईमेल नियमावलीतच लिहिलेले आहे. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमन शेरा मारतो, तसा इथे आकडा असतो. 4 ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा पाठवावे. 5 ने सुरू झाला तर दार बंद. 550 सोबत 5.1.1 असेल तर असा पत्ताच नाही, 5.7.26 असेल तर पाठवणाऱ्याचीच ओळख पटलेली नाही. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ओळखीच्या तिन्ही खुणा सक्तीच्या केल्या आहेत. जुने सॉफ्टवेअर तसेच चालवणाऱ्यांचे ईमेल अडतात ते इथे.

पण हा शेरा वाचणार कोण? तो ‘नो-रिप्लाय’ नावाच्या, कोणीही न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 मध्ये ‘पाठवणे’ आणि ‘मिळणे’ या दोन निरनिराळ्या घटना मानल्या आहेत. सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांनी मात्र त्या एकच करून टाकल्या.

पत्ता चुकला तर विद्यार्थ्याने सुधारावा, हे मान्य. पण चुकल्याचे त्याला कळायला हवे, आणि ते फक्त कार्यालयच कळवू शकते. अर्जात मोबाइल क्रमांक असतोच, त्यावर कळवता येते. म्हणून सॉफ्टवेअरचे बिल मंजूर करण्यापूर्वी मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर एक ईमेल पाठवून पाहावा. तो परत आल्याची नोंद पडद्यावर दिसली नाही, तर बिलही परत पाठवावे.