विश्लेषण : एकच बातमी दोन्ही बाजूंना पक्षपाती का वाटते?

एखाद्या वादावरची बातमी संपते आणि दोन्ही गटांचे समर्थक एकाच वेळी तक्रार करतात, की वाहिनी दुसऱ्या बाजूला विकली गेली आहे. बातमी एकच असताना असे कसे होते? अभ्यासक याला ‘होस्टाइल मीडिया इफेक्ट’ म्हणतात. म्हणजे माध्यमे आपल्याच विरोधात आहेत, हा समज.

स्टॅनफर्डचा प्रयोग काय होता?

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला भागात लेबनानमधील ख्रिश्चन सशस्त्र गटाने पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. हा परिसर तेव्हा इस्रायली सैन्याच्या वेढ्यात होता. अमेरिकी वाहिन्यांवरील या घटनेच्या बातम्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दाखवल्या. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. अरब समर्थकांच्या मते इस्रायलबद्दलचे ४२ टक्के उल्लेख अनुकूल आणि २६ टक्के प्रतिकूल होते. इस्रायल समर्थकांना मात्र १६ टक्केच अनुकूल आणि ५७ टक्के प्रतिकूल वाटले. तटस्थ प्रेक्षक ही बातमी पाहून आपल्या विरोधात जातील, अशी भीती दोघांनाही होती.

असे का घडते?

पहिले कारण म्हणजे आपल्याला टोचणारी वाक्येच अधिक लक्षात राहतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपलीच बाजू खरी असे मानणाऱ्याला दोन्ही बाजूंना समान जागा देणारी बातमी हाच अन्याय वाटतो. विशेष म्हणजे, विषयाची जास्त माहिती असलेल्या समर्थकांना पक्षपात जास्त दिसला. माहिती वाढली की हा समज आपोआप दूर होतो, असे नाही.

मग पक्षपात नसतोच का?

असतो. बातमी खरोखर एका बाजूला झुकलेली असेल, तर तो कल बहुधा दोघांनाही कळतो. पण ज्याच्या बाजूने ती झुकते, त्याला तो कमी वाटतो. त्यामुळे ‘दोघेही चिडले, म्हणजे आम्ही निष्पक्ष’ हा संपादकांचा दावा पुरावा ठरत नाही आणि प्रेक्षकाचा संतापही नाही.

खरा धोका पुढे आहे. चिडलेला प्रेक्षक मनासारखे बोलणाऱ्या वाहिनीकडे वळतो आणि तिथला पक्षपात त्याला जाणवतच नाही. बातमीतील पक्षांची नावे मनातल्या मनात अदलाबदल करून ती तितकीच योग्य किंवा अयोग्य वाटते का, हे पाहणे ही त्यावरची साधी चाचणी.