वानरांचा कारभार

कृष्णा-तारळीच्या संगमावरील उंब्रजेत समर्थांनी शके १५७१ मध्ये स्थापिलेला मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा आहे. अद्भुत कथेसाठी मानवसदृश निराळे समाज निर्माण करू पाहणाऱ्या लेखकांनी, कोणाचे कान टोकदार करावे नि कोणाची कातडी हिरवी, या विवंचनेत पडण्यापूर्वी त्याच्यासमोर घटकाभर बसावे. कारण वाल्मीकींनी वानरांना शेपूट दिले खरे, परंतु त्यासोबत किष्किंधेची गादी, तिच्यावरून भावाभावांतला तंटा आणि सुग्रीवाचा असा कडक अंमलही दिला की, सीताशोधाची महिन्याची मुदत टळताच दक्षिणेकडे गेलेली अंगदाची अवघी तुकडी, परतून शिक्षा भोगण्यापेक्षा प्रायोपवेशनाने देह ठेवण्याच्या गोष्टी बोलू लागली! हनुमंताचे पहिलेच भाषण ऐकून, हा व्याकरण पढलेला असावा, असा अभिप्राय राम लक्ष्मणापाशी देतो. आणि लंका जळते ती मात्र त्याच पंडिताच्या पेटत्या शेपटाने. इंग्रज प्राध्यापक टोल्किन यानेही आपल्या एल्फांसाठी आधी भाषा रचल्या, मग मुलूख वसविले. हा क्रम मला फार पटतो. राक्षसांच्या बाबतीत वाल्मीकी याहून बेरकी: रावण पुलस्त्य ऋषीचा नातू, आणि बिभीषण त्याचाच सख्खा भाऊ.