लिनक्सवरील खेळ

धाकट्या पुतण्यानें गेल्या सुटींत घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसविलें, तेव्हां ‘आतां खेळांस मुकलास!’ असें आम्हीं त्यास बजाविलें होतें. आमचें भाकीत बव्हंशीं खोटें ठरलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. विंडोजकरितां रचलेले पुष्कळसे खेळ आज तेथें सुखानें चालतात. १९९३ सालीं आरंभिलेल्या ‘वाइन’च्या पायावर व्हॉल्व्ह कंपनीनें २०१८ सालीं ‘प्रोटॉन’ हा दुभाषी पुढें आणला. खेळ विंडोजच्या भाषेंत जें मागतो, तें हा लिनक्सला त्याच्या भाषेंत सांगतो. २०२२ सालीं निघालेलें ‘स्टीम डेक’ हें हातांत धरून खेळावयाचें यंत्रहि त्याच्याच भरंवशावर आहे.

उरलेली अडचण निराळीच. इंटरनेटवर अनेकांनीं मिळून खेळावयाच्या कित्येक खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यांत बसतो. लिनक्समध्यें त्यास ती जागा नाहीं. ‘एपेक्स लेजंड्स’च्या चालकांनीं तर, लबाडांस लिनक्सचा आडोसा मिळतो म्हणून, २०२४ सालीं तिकडील साऱ्याच खेळाडूंस दार लावलें. चोरासाठीं संन्याशास सुळीं देण्याचाच हा प्रकार! पुतण्याची मित्रमंडळी रोज रात्रीं नेमका तोच खेळ खेळते. तो बिचारा त्या वेळीं आमच्यापुढें बुद्धिबळाचा पट मांडतो, आणि आम्हांस हरवितोहि.