अंगठ्याएवढा सैनिक आणि दादींचा सवाल

यंदाच्या सुट्टीसाठी या सदरात आम्ही एक नवा छंद करून पाहिला. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांना बारीक ब्रशने रंगवण्याचा. मोठ्या शहरांतली मुले हा छंद बरीच आधीपासून करतात. आता व्हिडिओंमुळे तो सोलापूरच्या मुलांपर्यंतही आला आहे. आमच्या घरातल्या सातवीतल्या मुलाने सहा महिने एकच हट्ट धरला होता, आणि दादींचा एकच सवाल होता, "घरात पुतळे कशाला?" दोघांनाही नीट उत्तर द्यायचे तर आधी डबा आणून, रंगवून पाहायला हवा होता. म्हणून नवशिक्यांसाठीचा एक डबा आम्ही मागवला.

हे सैनिक आले कुठून?

1974 साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे आणि जादूगार, योद्धे, राक्षस यांची एक कल्पित गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची, असा हा खेळ. त्यानंतर 1983 साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 'वॉरहॅमर' काढला. त्यात तर टेबलावर अख्ख्या फौजा समोरासमोर उभ्या राहतात. ही फौज विकत मिळते ती बहुधा कोरी, करड्या रंगाची. रंग आपला आपण द्यायचा. पुढे अनेकांना खेळापेक्षा रंगवण्याचीच गोडी लागली आणि त्याचा स्वतंत्र छंद झाला.

आमच्या डब्यात दहा रंगांच्या छोट्या बाटल्या, दोन ब्रश, एक चित्रमय पुस्तिका आणि पाच आकृत्या निघाल्या. दोन ढालवाले शिपाई, एक तिरंदाज, लांब दाढीचा एक जादूगार आणि शिंगे असलेला एक राक्षस. रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक होते. त्यामुळे घरात उग्र वास सुटला नाही आणि सांडलेला रंग ओला असतानाच पुसला की निघाला.

काम कसे चालते?

पहिले काम अंघोळीचे. आकृती साच्यातून सहज सुटावी म्हणून वापरलेला तेलकट पदार्थ कधीकधी तिच्यावर राहतो, आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने ती घासायची. वाळली की साच्याच्या जोडाची बारीक रेघ नखे घासायच्या कानसीने काढून टाकायची. मग सगळ्या अंगाला प्राइमरचा एक पातळ हात. आपल्या गावात माग चालवणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लागते, तसेच हे.

त्यानंतर खरा रंग. इथे मुलांची घाई आडवी येते. बाटलीतला रंग तसाच थापला की चेहऱ्याचे नाक-डोळे बुजतात. रंगात थोडे पाणी घालून दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात, आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. सगळे रंग बसले की पाण्यासारखा पातळ गडद रंग वरून सोडतात. तो कपड्याच्या चुण्यांत, पट्ट्याच्या फटीत जाऊन बसतो आणि सावली पडल्यासारखे दिसते. शेवटी ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून, उरलेल्या कोरड्या रंगाने उंचवटे हलकेच झाडायचे. लोखंडी चिलखताच्या कडा त्याने चमकून उठतात.

पुस्तिकेत सोलापूरचा उन्हाळा मात्र धरलेला नव्हता. पारा चाळिशीच्या वर गेला की प्लेटमध्ये काढलेला रंग पंख्याखाली पाहता पाहता सुकतो. आम्ही जेवणाच्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात ओला फडका घडी करून ठेवला, त्यावर बटर पेपर अंथरला आणि रंग त्यावर काढला. खालची ओल रंगाला जिवंत ठेवते. झाकण लावून ठेवले तर दुसऱ्या दिवशीही तो वापरता येतो. वेळही बदलली. दुपारऐवजी फजरनंतरचा एक तास धरला. घर शांत, उजेड स्वच्छ आणि हवा थोडी तरी गार. स्प्रेचा प्राइमर भर उन्हात मारला तर पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि खरखरीत बसतो. शिवाय तो घरात मारू नये. त्यापेक्षा ब्रशने लावायचा प्राइमर मुलांसाठी बरा.

दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवाव्यात. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायचा नाही, आणि रंगाच्या पाण्याचा पेला चहाच्या कपांपासून लांब ठेवायचा.

पाचवीतल्या बहिणीला कोणी बोलावले नव्हते, पण तिसऱ्या दिवशी तीही येऊन बसली. ईदला साऱ्या गल्लीच्या हातांवर मेंदी काढणारी मुलगी ती. कोन धरायची सवय असल्याने कोपर टेबलावर टेकवून, श्वास धरून रेघ ओढणे तिला आपसूक जमले. तिरंदाजाच्या डोळ्यांचे टिपके तिने दिले. भावाच्या शिपायाचा एक डोळा गालावर उतरला होता, तोही तिनेच दुरुस्त केला.

दादींच्या सवालाचे काय?

हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सजीवांच्या तस्वीरीबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत, आणि दादींची पिढी ते मनापासून पाळत आली आहे. पण हदीसच्या ग्रंथांत आणखीही काही आहे. हजरत आयशा (रजि.) लहान वयात बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी खेळायला येत आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते चालू दिले, असे सहीह बुखारीत आहे. सुनन अबू दाऊदमधली हकीकत तर या छंदाच्या फारच जवळची. वाऱ्याने पडदा उडाला आणि आयशांच्या बाहुल्या दिसल्या. त्यांत एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी विचारले. हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे आयशांनी उलट विचारले. त्यावर प्रेषित मनमोकळे हसले. जगात कुठे न दिसणारा, कल्पनेतला प्राणी त्या घरात खेळणे म्हणून होता.

त्याच घरात चित्रे असलेला पडदा टांगलेला प्रेषितांना आवडला नाही, हेही हदीसमध्ये आहे. तो उतरवून आयशांनी त्याच्या उशा केल्या. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांनी दोन्ही हकीकती शेजारी ठेवून समजावले. मान देऊन मांडलेली वस्तू वेगळी आणि मुलांच्या हातातले खेळणे वेगळे. मुलांच्या खेळण्यांना बहुतेक उलेमांनी सवलत दिली आहे. काहींना तीही मान्य नाही, आणि मोठ्यांनी शोभेसाठी आकृत्या करण्याबाबत मतभेद अधिक आहेत. चित्रे काढूनच पोट भरणाऱ्या एका कारागिराला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता, ही आठवणही इमामसाहेबांनी करून दिली.

मग दस्तरखानवरच बोलणे झाले आणि तीन गोष्टी ठरल्या. रंगवलेले शिपाई खेळण्यांच्या डब्यात राहतील, शोकेसमध्ये नाहीत. नमाज पढायच्या खोलीत ते जाणार नाहीत. आणि शिंगवाला राक्षस कोराच राहील. तिसरी अट मुलाला जड गेली. दोन दिवस तो गप्प होता. पण आपले म्हणणे कोणीतरी पूर्ण ऐकून घेतले, हे त्याला कळले होते. दादींनाही कळले होते. चौथ्या दिवशी त्यांनीच जादूगाराची दाढी हातात घेऊन पाहिली आणि ती पांढरी नको, मेंदी लावल्यासारखी करा, असे सुचवले.

हे आपल्याला परके नाही

खेळासाठी बारीक रंगकाम ही काही विलायतेची देणगी नव्हे. गंजिफाचे गोल पत्ते आठवा. बाबर बादशहाने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफात आठ रंगांचे 96 पत्ते. तोच खेळ इथल्या मातीत दशावतारी झाला आणि दहा रंगांचे 120 पत्ते झाले. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीला हे पत्ते आजही हाताने रंगवले जातात. तिथल्या राजघराण्याने विसाव्या शतकात ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन? मुंबईत सिनेमाची मोठाली पोस्टरे रंगवून झाल्यावर त्यांनी काही काळ लाकडी खेळणी बनवण्याचे काम केले होते. त्यांच्या पुढच्या चित्रांवरचे वाद हा निराळा विषय. पण जगभर नाव झालेल्या या चित्रकाराचा हात खेळण्यांवरूनही फिरला होता, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

घ्यावा की नाही?

घरपोच डबा आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास पडला. पाच शिपायांसाठी ही रक्कम थोडी नव्हे. रंग बरेच उरले आहेत, हे खरे. तरी आमचा सल्ला असा की पहिल्याच दिवशी डबा मागवू नका. स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिकचे पाच-सहा रंग, एक बारीक आणि एक मध्यम ब्रश आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी मिळणारे मातीचे मावळे, हत्ती, उंट यांवर महिनाभर हात बसू द्या. भाजलेली माती पाणी पिते, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावा. महिन्यानंतरही मूल स्वतःहून ब्रश धुऊन ठेवत असेल, तर डब्याचा विचार करा.

ज्या घरात आकृत्या नकोतच, तिथेही हे कौशल्य वाया जात नाही. आमच्या मुलीने उरलेल्या रंगांत सोलापूरचा भुईकोट किल्ला करायला घेतला आहे. हाच किल्ला चांदबिबीच्या लग्नात अहमदनगरच्या निजामशाहीने विजापूरच्या आदिलशाहीला आंदण दिला होता. पुठ्ठ्याचे बुरूज, थर्माकोलची तटबंदी. आधी सगळ्याला काळा हात, वरून कोरड्या ब्रशने राखाडी, की दगड उठून दिसतो. खंदक अजून बाकी आहे. तो निळा करायचा की हिरवा, यावर बहीणभावांचे भांडण चालू आहे. दोघांना एकदा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने प्रत्यक्ष किल्ला पाहून यायला सांगितले आहे.