लिटर वेगळं, किलो वेगळे

"इंजिन लहान म्हणजे गाडी हलकी" हे परवा पुन्हा कानावर पडलं आणि डोकंच फिरलं! अमेरिकेतला २०११ चा फोर्ड एफ-१५० पिकअप घ्या. एक इंजिन ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६, दुसरं ५ लिटरचं बिनटर्बो व्ही-८. वजन? जवळजवळ सारखंच. अहो, दोन सिलिंडर गेले, पण दोन टर्बो, इंटरकूलर, पाइप आले ना!

टर्बोचा खरा फायदा टॉर्कचा. २५०० आरपीएमलाच ५६९ न्यूटन-मीटर; व्ही-८ ला ५१५ साठी ४२५० पर्यंत पिळायचं. ट्रेलर ओढणाऱ्याने टर्बो जरूर घ्यावा, पण ह्या कारणासाठी. वजन उतरलं ते २०१५ च्या मॉडेलमध्ये, कमाल ३१८ किलोपर्यंत, आणि तेही मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीमुळे. मला ट्रेलर ओढायचा नाही, त्यामुळे माझं मत आपलं व्ही-८ ला. बिघडायला दोन वस्तू कमी!