सूट कशाची? अर्थात मित्राने 'वाचवलेले' बारा हजार

गेल्या शनिवारी सकाळी मित्राचा फोन. "अरे, घेतला एकदाचा ट्रेलर! बारा हजार डॉलर वाचवले!" पाठोपाठ फोटो. त्यात ट्रेलर, ट्रेलरपुढे वहिनी आणि मुलं, आणि वहिनींच्या हातात डीलरने दिलेली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत बिछाने, शेगडी, संडास, सगळं. अमेरिकेत आठदहा वर्षं काढली, घर झालं, मुलं प्रायमरीत गेली की आपल्याकडच्या बऱ्याच जणांना याचे डोहाळे लागतात. त्याला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती 'वाचवले' या शब्दाला.

पावतीच पाहू. छापील किंमत ४१,९९०. 'आमची किंमत' २९,९९०. झाले बारा हजार! आता खालच्या ओळी वाचा. तयारी आणि तपासणीचे १,४९५. कागदपत्रांचे ३९९. बॅटरी आणि हिच जोडण्याचे १,१०० (हो, बॅटरी वेगळी! दिवे लावायचे असतील तर तुमचं तुम्ही बघा). वाढीव वॉरंटी २,८००. रंगाला संरक्षक लेप ९००. एकूण ३६,६८४, वर सेल्स टॅक्स. बारा हजारांतले पावणेसात हजार खालच्या दाराने परत गेले. ही झाली पहिली गंमत.

दुसरी जास्त मोठी आहे. ते बारा हजार मुळात होते का?

आपण लहानपणापासून एमआरपी बघत वाढलो. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत म्हणजे कमाल किंमत, त्याच्यावर घेतलं तर तो भारतात गुन्हा आहे. छापील आकड्यामागे कायदा उभा असतो हे आपल्या हाडात मुरलंय. इथे एमएसआरपी दिसलं की आपलं डोकं मधला 'एस' गाळून वाचतं. तो 'एस' सजेस्टेडचा आहे, म्हणजे नुसती सूचना! नव्या कारच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवणं १९५८ च्या कायद्याने सक्तीचं झालं, त्यामुळे तिथे निदान आकड्याला काही बूड तरी आहे. ओढायचा ट्रेलर त्या कायद्यात बसतच नाही. त्यामुळे छापील आकडा मुळात कापण्यासाठीच फुगवलेला असतो. पंचवीस-तीस टक्के सूट ही या धंद्यात मेहेरबानी नाही, ती सुरुवात आहे. त्या किमतीला तो ट्रेलर कोणी घेतच नसेल, तर तिच्यातून वाचवलं काय, डोंबल?

मी घरी बसून अर्धा तास शोधलं. तेच मॉडेल, तेच वर्ष, दोन राज्यं पलीकडे, तयारीसकट २८,४००. आणायला एक वीकांत आणि पेट्रोल. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "पण आम्हाला महिन्याला फक्त तीनशे पडतात रे."

इथे माझं डोकं सटकलं. बाकी रोख भरून त्याने ३०,००० चं कर्ज घेतलंय, नऊ टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता ३०४ डॉलर. पंधरा वर्षांत भरणार सुमारे ५४,८००. पाच वर्षांनी अठरा हजारांवर भरून झालेले असतील आणि मुद्दल तरीही चोवीस हजार शिल्लक असेल. पाच वर्षं जुन्या ट्रेलरचे तेवढे कोण देणार? शिवाय डीलर बँकेकडून आलेल्या दरावर स्वतःचा टक्का-दोन टक्के चढवू शकतो. सातऐवजी नऊ लागले तर हप्त्यात फरक फक्त पस्तीस डॉलर, पण पंधरा वर्षांत सहा हजारांहून जास्त. म्हणून तर समोरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "महिन्याला किती जमेल?" या प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही. एकच प्रश्न उलट विचारायचा: सगळं धरून, टॅक्ससकट, मी चेक किती रकमेचा लिहू? आणि ते लेखी द्या, ईमेलवर. जो लेखी देत नाही तिथे जायचंच नाही.

"पण डीलरनेही पोट भरायचंच की." भरावं ना! रास्त भाव म्हणजे त्याला नागवणं नव्हे. त्याचा नफा किंमतीत असू दे, उघड, मला दिसेल असा. 'लेप' नावाने ओतलेल्या बाटलीत लपवू नये.

आणि तुम्ही समजता तेवढे तुम्ही हतबल नाही. आवारात उभे असलेले ट्रेलर बहुतेक वेळा डीलरने व्याजाने पैसे काढून आणलेले असतात. ते जितके दिवस उभे, तितकं व्याज त्याच्या डोक्यावर. नवीन वर्षाचं मॉडेल आलेलं असताना मागच्या वर्षाचा ट्रेलर नोव्हेंबरात तिथेच दिसला, तर घाई त्याला असते, तुम्हाला नाही. मे महिन्यात, सुट्ट्या तोंडावर आल्यावर, मुलांना घेऊन गेलात की मग नाही (मुलं एकदा आतल्या बंकवर चढली की भाव संपला).

जुना घेणार असाल तर अजून बरं. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या, २०२३ मध्ये जेमतेम तीन लाख तेरा हजार. त्या लाटेत घेतलेल्या कित्येक जणांची हौस दोन उन्हाळ्यांत फिटली. फक्त भाव करण्याआधी आत शिरून कोपऱ्यांत पायाने जमीन दाबून बघा, मऊ लागली तर पाणी मुरलंय. बाहेरून भिंतीला फुगवटा दिसला तर नमस्कार करून निघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही वाचा. नवा घ्या की जुना, अनेक राज्यांत 'लेमन लॉ' या ओढायच्या ट्रेलरना लागूच होत नाही.

आपण लॅपटॉप घेताना तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो. मंडईत मावशींशी दोन रुपयांच्या कोथिंबिरीवरून हुज्जत घालतो. आणि छत्तीस हजारांच्या कागदावर सही करताना आपल्याला लाज वाटते, काय की समोरचा टाय घालून कॉफी देतोय आणि 'हे देसी लोक चिकट' म्हणेल! म्हणू दे की.

रविवारी मित्राकडे जाऊन करार सगळा वाचला. वाढीव वॉरंटी तीस दिवसांत रद्द करता येते, असं नवव्या पानावर बारीक अक्षरात होतं. पत्र तिथेच टाइप केलं, सोमवारी रजिस्टर्डने गेलं. लेपाचे नऊशे मात्र गेले.